मदत हवी आहे: सीडी नाही, रीसेटही होत नाही, विंडोज परत कसं टाकायचं?

कोरी पाटी
अपडेट चालू असताना लॅपटॉपची बॅटरी संपली. तेव्हापासून 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग निळी स्क्रीन, मग रीस्टार्ट, हेच चक्र सुरू आहे. 'रीसेट धिस पीसी'मधून 'कीप माय फाइल्स' दोनदा करून पाहिलं. थोडं पुढे जातं आणि रीसेट करताना अडचण आली, काहीही बदल केलेले नाहीत, असा संदेश येतो.

इंटेल आय५ अकरावी पिढी, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (एसएसडी डिस्क). विकत घेतला तेव्हा विंडोज १० होम होतं, नंतर ११ केलं. सीडी कधी मिळालीच नाही आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्हही नाही. हाताशी दुसरा संगणक आहे, पण तो उबुंटूचा (लिनक्स).

विचारायचं असं: फोटो आणि कागदपत्रं सी आणि डी दोन्हींवर आहेत, ती आधी बाहेर कशी काढू? प्रॉडक्ट की लागेल का? आणि उबुंटूवरून विंडोजचा पेन ड्राइव्ह बनतो का?

खटपट्या
रीसेट का अडतंय ते आधी. लोकल रीसेट नवं विंडोज कुठून आणत नाही, डिस्कवरच्या जुन्या विंडोजच्याच फायलींतून पुन्हा उभं करतं. त्या फायली अर्धवट अपडेटमुळे विस्कटल्या असतील तर तिसऱ्यांदा केलं तरी तेच होणार. पुन्हा करू नका.

त्याऐवजी ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' इथे जा आणि 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढून बघा. वीस मिनिटांचं काम, आणि अर्धवट अपडेटच्या दुखण्यावर बऱ्याचदा एवढंच पुरतं. त्यानेही भागलं नाही तर नवीन इन्स्टॉल. पण त्याआधी फायली.

फायलींसाठी ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधलाच कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'नोटपॅड' टाइप करा (इंग्रजीत, अर्थात) आणि एंटर दाबा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन. खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' असतं तिथे 'ऑल फाइल्स' करा. ही ओपनची खिडकी म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, एक्स्टर्नल डिस्कवर जाऊन पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. गोठलेली नसते, कॉपी चाललेली असते. एका वेळी एकच फोल्डर घ्या.

एक फसगत इथे नेहमी होते. या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल. एक्स दिसतो तो रिकव्हरीचा स्वतःचा, रॅममधला. तेव्हा अक्षरावर जाऊ नका, 'युजर्स' फोल्डर कुठे आहे ते बघा.

तळटीप
वरच्याला +१. त्यात एक भर: ड्राइव्हवर कुलूप दिसलं किंवा रिकव्हरी की मागितली, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे. होम आवृत्तीतही ते असतं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर अनेक लॅपटॉपवर आपोआप चालू होतं. की ४८ अंकी असते आणि बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून शोधा आणि स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून पाहा. ती की हाती येईपर्यंत बायोसमधलं (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमधलं) काहीही बदलू नका.

प्रॉडक्ट कीची चिंता सोडा. विंडोज ८ पासून विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपमध्ये की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते, स्टिकर शोधत बसायला नको. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो आणि होमची असेल तर न विचारता होमच टाकतो. शिवाय तुमचं ११ याच मदरबोर्डवर आधी ॲक्टिव्हेट झालेलं आहे. इंटरनेट मिळालं की परत होईल. कुठे 'की टाका' म्हटलंच तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की'.

१० वर परत जाऊ का, असा विचार असेल तर नको. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि 'ॲक्टिव्हेटर' (परवाना चुकवणारा प्रोग्रॅम) घातलेल्या तयार आयएसओ फायलींच्या (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत) वाटेला अजिबात जाऊ नका. तुमच्याकडे खरा परवाना आहे, त्यावर चोरीचा कशाला चढवायचा?

पेंग्विनवाला
उबुंटूवरून होतं, पण इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. लिनक्सची आयएसओ जशी एचर किंवा डीडी या साधनांनी पेन ड्राइव्हवर उतरवतो तशी विंडोजची उतरवली तर बूट होत नाही. त्या आयएसओला स्वतःचं पार्टिशन टेबल नसतं.

दुसरा मार्ग म्हणून लोक पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करून आतल्या फायली कॉपी करतात. तिथे 'सोर्सेस' फोल्डरमधली 'इन्स्टॉल.विम' अडते, कारण ती ४ जीबीहून मोठी असते आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही. विमलिब हे साधन वापरून तिचे ३८०० एमबीचे तुकडे करता येतात आणि इन्स्टॉलरला तुकडे चालतात. पण सरळ व्हेंटॉय वापरा (पेन ड्राइव्हवर नुसत्या कॉपी केलेल्या आयएसओवरून बूट करून देणारं साधन).

मायक्रोसॉफ्टचं विंडोज ११ डाउनलोडचं पान उबुंटूवरून उघडा आणि तिथून आयएसओ घ्या. ती ५ जीबीहून मोठी असते, म्हणून पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा. त्याच पानावर एसएचए-२५६ बेरीज (फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) दिलेली असते, ती टर्मिनलमध्ये 'एसएचए२५६सम'ने ताडून घ्या. मग पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय बसवा (त्यावरचं सगळं पुसलं जाईल) आणि आयएसओ नुसती कॉपी करा. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' पूर्ण होईपर्यंत ओढू नका. लिनक्स लिहायचा बराच मजकूर मेमरीत धरून ठेवतो. पट्टी १०० टक्के दिसली तरी काम बाकी असतं.

सिक्युअर बूट (अनोळखी गोष्टीवरून बूट होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा 'व्हेरिफिकेशन फेल्ड' येईल. तो बिघाड नाही, तिथे व्हेंटॉयची की 'एनरोल' करायची.

खटपट्या
बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर पुढे 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. दुसऱ्याने गेलात तर डिस्क 'जीपीटी' प्रकारची आहे म्हणून इन्स्टॉल होणार नाही असं सांगेल. मग घाबरून डिस्क पुसू नका, बाहेर पडा आणि बरोबर नोंदीने बूट करा.

पार्टिशनच्या यादीत अक्षरं नसतात, फक्त आकार असतात. १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय (बूटसाठीचं), १६ एमबीचं एमएसआर (विंडोजचं राखीव), मग सी, डी, आणि एखादं रिकव्हरी. सी आणि डी सारख्याच आकाराचे असतील तर आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट उघडून 'लिस्ट व्हॉल्यूम' बघा आणि कुठला कोणता ते कागदावर लिहून ठेवा. सी फॉरमॅट न करता त्यावरच इन्स्टॉल केलं तर जुनं सगळं 'विंडोज.ओल्ड'मध्ये जातं, युजर्ससकट. पण त्यातल्या फायली लगेच काढून घ्या, साधारण १० दिवसांनी विंडोज तो फोल्डर स्वतःच उडवतं.

कोरी पाटी
नोटपॅडची युक्ती चालली, फायली निघाल्या! कुलूप नव्हतं. अपडेट काढायला मात्र नकार आला. व्हेंटॉयने बूट झालं, पण पार्टिशनची यादीच रिकामी. एकही डिस्क दिसत नाही. एनव्हीएमई मेली का?

तळटीप
मेली असती तर फायली कुठून निघाल्या असत्या? अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते. तुमच्या जुन्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे, इन्स्टॉलरमध्ये नाही.

चांगला उपाय: लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या. झिप असेल तर उबुंटूवर उलगडा आणि फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा. इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर', 'ब्राउझ', आणि ज्यात '.आयएनएफ' फाइल आहे तो फोल्डर निवडा. नावात व्हीएमडी असलेली नोंद घेतली की डिस्क दिसेल. नुसती '.ईएक्सई' ठेवून उपयोग नाही, इन्स्टॉलर तिच्या आत बघत नाही.

पेंग्विनवाला
आणि फक्त '.ईएक्सई'च मिळाली, तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं हा दुसरा रस्ता. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, 'मेन' टॅबवर कंट्रोल+एस दाबल्यावर दिसतो. बंद केल्यावर जुनं विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत पडेल. ते तसंही काढायचंच आहे. मात्र नवं टाकल्यावर तो पर्याय पुन्हा चालू करू नका, नाहीतर नव्याचंही तेच होईल. उद्या कधी बायोसमध्ये 'लोड डिफॉल्ट्स' केलंत आणि निळी स्क्रीन आली, तर पहिला संशय यावर घ्या. एकाच डिस्कच्या लॅपटॉपला व्हीएमडी नसल्याने काही अडत नाही.

कोरी पाटी
झिप मिळाली, ड्रायव्हर घातला, डिस्क दिसली, सी वर इन्स्टॉलही झालं. आता 'लेट्स कनेक्ट यू टू अ नेटवर्क'वर अडकलोय. वायफायची यादी येत नाही, 'नेक्स्ट' फिकं आहे.

खटपट्या
वायफायचा ड्रायव्हर नाही, एवढंच. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, 'नेक्स्ट' लगेच उजळेल. डेस्कटॉप आल्यावर टेदरिंग तसंच ठेवून विंडोज अपडेट चालवा, आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्येही डोकावा, वायफाय आणि टचपॅडचे ड्रायव्हर अनेकदा तिथे दडलेले असतात. चार्जर लावलेला असू द्या.