स्केलेटन कोस्टवरच्या दुर्गम सफारी कॅम्पमध्ये आई-बाबांना न्यावे का?

अनुजा, लष्कर (ग्वाल्हेर):
सर्वांना नमस्कार. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाचे आठ चित्ते आपल्याच विमानतळावर उतरले आणि तिथून कुनोला गेले, तेव्हापासून माझ्या बाबांच्या मनात त्या देशाने घर केले आहे. ते नुकतेच निवृत्त झाले असून, आम्हा भावंडांनी मिळून त्यांना आणि आईला तिकडे पाठवायचे ठरवले आहे. सोबत मी जाणार आहे. नामिबियाच्या उत्तर किनाऱ्यावर, वाळवंट थेट अटलांटिकला भिडते त्या स्केलेटन कोस्ट भागात, केवळ लहान विमानाने पोहोचता येणारे मोजक्या तंबूंचे आलिशान कॅम्प आहेत, आणि बाबांना तिथेच राहायचे आहे. एका रात्रीचा माणशी दर पाहून आई मात्र म्हणते, की एवढ्या पैशांत सगळी आफ्रिका पाहून होईल. तिचे गुडघे दुखतात, बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि आई पूर्ण शाकाहारी आहे. अशा ठिकाणी राहण्यात नेमके काय मिळते, आणि या दोघांना ते झेपेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. चित्ते दिसण्याची शक्यता किती, हाही बाबांचा प्रश्न आहे.

वाळूवाट (ग्वाल्हेर):
अनुजाताई, आधी चित्त्यांविषयी. नामिबियातील बहुसंख्य चित्ते देशाच्या मध्य-उत्तर भागात, ओचिवारोंगोच्या आसपासच्या शेतजमिनींवर आणि गवताळ माळांवर आढळतात. किनाऱ्यालगतच्या वाळवंटात चित्ता दिसला तर तो निव्वळ योग समजावा. बाबांना चित्तेच पाहायचे असतील, तर प्रवासाचा तो टप्पा वेगळा आखा.

या किनाऱ्यावर जायचे ते इथले जगणे कसे चालते हे समजून घेण्यासाठी. दक्षिणेकडून येणारा बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्याच्यावरून येणारी दमट हवा तळाशी गार होते, तिचे धुके बनते, पण पाऊस पडत नाही. त्यामुळे वर्षाकाठी नावापुरताच पाऊस आणि तरीही सकाळी तंबूचे कापड ओलेचिंब, असे दृश्य तिथे नेहमीचे असते. त्याच धुक्यावर तिथली कितीतरी जीवसृष्टी तगून आहे. एका सकाळी वाटाड्याने गाडी थांबवून आम्हाला खडीच्या सपाट मैदानावर उकिडवे बसायला सांगितले. समोर करड्या, सुरकुतलेल्या, मेल्यासारख्या दिसणाऱ्या पापुद्र्यांचा पुंजका होता. त्याने बाटलीच्या झाकणातून चार थेंब पाणी त्यावर सोडले आणि आमच्या डोळ्यांदेखत ते पापुद्रे हळूहळू उलगडून हिरवट झाले. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्याच जातकुळीतले ते जीव. एखादी गाडी त्यांच्यावरून गेली तर चाकांचे वण कित्येक दशके तसेच राहतात, म्हणून कॅम्पच्या गाड्या ठरलेली चाकोरी सोडत नाहीत आणि पाहुण्यांनीही तसा हट्ट धरू नये.

होआनिब नदीच्या कोरड्या पात्रातील हत्ती हे दुसरे मोठे आकर्षण. ही वेगळी जात नव्हे, नेहमीचेच आफ्रिकन हत्ती आहेत. मात्र पाण्यासाठी लांबलांबच्या मजला मारायला आणि वाळूत खड्डे खणून पाणी काढायला ते सरावलेले आहेत. पात्रातल्या आना झाडांच्या वेटोळ्या शेंगा ते सोंडेने वेचून खातात. नदीला वर्षातले थोडेच दिवस पाणी असते, आणि पूर आला तरी मुखाशी वाळूच्या टेकड्या आडव्या असल्यामुळे ते बहुधा समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. सिंह आहेत, तपकिरी तरस आहेत, पण ते दिसतीलच असे नाही. सकाळ-संध्याकाळ प्राण्यांचे कळप पाहण्याची अपेक्षा असेल, तर एतोशा राष्ट्रीय उद्यानात त्याच पैशांत कितीतरी अधिक दिसेल. बाबांना पूर्ण दिवस फिरून एका हत्तिणीचे माग वाचण्यात आनंद वाटणार असेल, तरच हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

किनाऱ्यावर व्हेलची हाडे आणि जहाजांचे सांगाडे आहेत. नोव्हेंबर 1942 मध्ये ‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज इथे अडकले. मदतीला आलेली टग बोटही (जहाजे ओढणारी बोट) किनाऱ्याला लागून अडकली, तिच्यावरील दोघे दगावले आणि पाणी टाकायला आलेले विमान उतरल्यावर वाळूत रुतून बसले. ही हकिकत त्याच ठिकाणी, त्या वाऱ्यात उभे राहून ऐकताना किनाऱ्याचा खरा स्वभाव कळतो.

राहण्याची व्यवस्था उत्तम असते: पक्के पलंग, गरम पाणी, सौरऊर्जेवरची वीज. कॅम्पला कुंपण नसल्यामुळे अंधार पडल्यावर सोबतीशिवाय तंबूबाहेर पडू देत नाहीत. किमान तीन रात्री राहा. धुक्यामुळे विमान उशिरा आले की दोन रात्रींच्या मुक्कामातला अर्धा दिवस असाच निघून जातो. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी कधीही ठेवू नका.

मुरारचे डॉक्टरकाका:
अनुजा, मी तिथे गेलेलो नाही, त्यामुळे फक्त प्रकृतीविषयी लिहितो. अशा कॅम्पपासून सुसज्ज रुग्णालय म्हणजे विमानाने राजधानी विंडहुकच, आणि रात्री किंवा दाट धुक्यात विमान उतरू शकत नाही. बाबांचा रक्तदाब गोळ्यांनी नीट आटोक्यात असेल तर जाण्यास हरकत दिसत नाही, परंतु अलीकडे औषध बदलले असेल किंवा छातीत दुखले असेल, तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून होकार दिल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका. प्रवास विम्यात विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का आणि आधीपासूनच्या आजाराला तो लागू होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. औषधे दुप्पट दिवसांची न्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा.

आईंचे गुडघे हा चालण्यापेक्षा चढण्या-उतरण्याचा प्रश्न आहे. सफारीच्या गाड्या उंच असतात; कॅम्पला आधी कळवले तर पायरीची चौकी ठेवतात. इथियोपियामार्गे विमान असेल तर पीतज्वराच्या लशीचे नियम जाताना आणि परतताना, दोन्ही वेळचे तपासा; लस घ्यावी लागलीच तर ती किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढील व्यक्तींनी ती घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

सुहासिनी (इंदूर):
दर परवडत नसेल तर निराश होऊ नका. आम्ही स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या शहरात मुक्काम ठेवून मोटारीने उत्तरेकडे गेलो होतो. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. केप क्रॉसला सीलची प्रचंड वसाहत आहे, तिथेच पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काऊँ याने 1486 मध्ये उभारलेल्या क्रुसाची प्रतिकृतीही आहे. (वास फार उग्र येतो, आईंसाठी रुमाल जवळ ठेवा.) पुढे उगाब नदीच्या फाटकातून राष्ट्रीय उद्यानात शिरता येते आणि टेरेस बे येथील सरकारी विश्रामगृहात राहता येते. त्याच्या बऱ्याच पुढचा उत्तर भाग मात्र खासगी गाड्यांना बंद आहे. तो पाहायचा तर तुम्ही म्हणता तेच कॅम्प. आम्हाला धुके, लाटा आणि निर्जन किनारा मनसोक्त मिळाला, वाळवंटातले हत्ती मात्र मिळाले नाहीत.

अनुजा, लष्कर (ग्वाल्हेर):
आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाबांना वाळूवाट यांचे उत्तर वाचून दाखवले. ते जायचेच म्हणतात, आणि दगडफुलाचे वाचून आईचाही विरोध मावळला आहे. जेवणाचे आणि सामानाचे तेवढे सांगाल का?

वाळूवाट (ग्वाल्हेर):
जेवणाची अडचण येत नाही, मात्र भाजीपाला दुरून येत असल्यामुळे आरक्षण करतानाच कळवा. नुसते ‘शाकाहारी’ लिहू नका. अंडी, मासे आणि मांसाचा अर्क घातलेले सूपही चालत नाही, असे स्वतंत्र वाक्यात लिहा. सामानाची मर्यादा लहान विमानात कॅमेऱ्यासह साधारण 15 ते 20 किलो असते आणि बॅगा मऊ कापडाच्या, चाके व कडक चौकट नसलेल्या लागतात, कारण सामानाचा कप्पा अरुंद असतो. नक्की आकडा तुमच्या विमान कंपनीकडून घ्या. किनाऱ्यावर भर दुपारीही गार वारा सुटतो आणि आत नदीपात्रात त्याच वेळी ऊन लागते, तेव्हा एका जाड कोटाऐवजी एकावर एक घालता येतील असे कपडे न्या. आईंना कानटोपी लागेलच.