खंबाटकीत गाडी काळा धूर सोडते, गॅरेजवाले हाफ इंजिन सांगतात. उघडायच्या आधी काय तपासू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आईला तपासणीसाठी दर महिन्याला पुण्याला न्यावं लागतं, म्हणून दिवाळीच्या आधी सेकंडहँड डिझेल सेडान घेतली. 2012 ची, 1.3 लिटर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल), टर्बो, बीएस-4. मीटरवर 1 लाख 38 हजार.

सपाटीला शांत चालवली तर धूर जवळजवळ नाहीच. पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागे काळा लोट. पिकअप गेलंय, 2000 आरपीएमच्या वर ओढतच नाही आणि बॉनेटमधून ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. आधीच्या मालकाला 20 चं एव्हरेज मिळायचं म्हणे, मला 14 पडतंय. शिवाय सकाळी पहिल्या सेल्फला पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात, मिनिटभरात थांबतो. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

इथल्या एका गॅरेजात सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून ‘रिंगा गेल्या, हाफ इंजिन करा, पन्नास हजार धरून चला’ असं सांगितलं, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या. गाडीच पावणेतीन लाखांची आहे. आधी काय काय बघू?

डोंगरयात्री

एअर फिल्टर बदल, टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओत आणि हायवेला तासभर दामटव. काजळी उडून जाते, माझ्या जुन्या डिझेलला फरक पडला होता.

मिरज_पंपनोझल

कृष्णाकाठ भाऊ, हाफ इंजिनला अजिबात हो म्हणू नका. मी पंप-नोझलच्या कामात आयुष्य घातलंय. धुरामुळे विनाकारण उघडलेली इंजिनं पाहिली की जीव तुटतो, कारण कंपनीने बसवलेलं इंजिन एकदा उघडलं की पुन्हा तसं क्वचितच बसतं.

सायलेन्सरच्या आतली काळी काजळी बघून रिंगा कळत नाहीत, ती प्रत्येक जुन्या डिझेलला असते. रिंगा गेल्या तर धूर निळसर येतो, जळक्या ऑइलचा वास येतो आणि ऑइल कमी होत जातं. तुमचा धूर काळा आहे आणि तोही फक्त लोडवर. म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, यापैकी एक. त्यात ‘सूंऽऽ’ आवाज आणि गेलेलं पिकअप धरलं, तर माझा पहिला संशय टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) ते मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांना वाटणारा भाग) या रबरी होजवर आहे. सेन्सर हवा मोजतो एअर फिल्टरपाशी आणि कॉम्प्युटर त्या मापाने डिझेल सोडतो. पुढे होज फाटला असेल तर मोजलेली हवा वाटेतच गळते, डिझेल मात्र पूर्ण पडतं. न जळलेलं डिझेल काळं होऊन मागून बाहेर. दिवा लागलाच पाहिजे असंही नाही.

इंजिन थंड असताना होज हाताने दाबत, वाकवत बघा. चीर बहुतेक क्लॅम्पच्या कडेला किंवा खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही. आत ऑइलचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. पण बाहेर ओला तेलकट पट्टा दिसला की तिथेच गळती समजा. आयडलला साबणाचं पाणी मारून हे कळत नाही, कारण तेव्हा टर्बोचा दाब नसतो. होज चांगले निघाले तर ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काढून बघा. एवढ्या वर्षांत आत डांबरासारखा थर साचतो आणि व्हॉल्व्ह उघडा अडकतो. साफ करा, पण पत्रा लावून बंद करू नका, काही लोक तो सल्ला देतील.

रिंगांची शंका फेडायची तर इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भोकातून धुराचे झोत आले तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो ते मोजणं) करा, आणि तीसुद्धा हाफ इंजिनचा निर्णय घ्यायच्या आधी.

दोन गोष्टी मात्र काळजीने सांगतो. जुने फिटर चालू इंजिनवर नोझलच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेला ते शोधायचे. जुन्या पंपाच्या गाडीला ते चालायचं. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ती धार कातडी भेदून आत जाते, हात गमवावा लागतो. कुणालाही तसं करू देऊ नका. इंजेक्टरची तपासणी रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावून होते, ज्या बाटलीत डिझेल जास्त साचतं तो इंजेक्टर आतून गळतोय.

दुसरं, टर्बोचं सील फुटून ऑइल इंजिनात शिरलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण याला स्पार्क लागतच नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेटमध्ये हात घालू नका. म्हणूनच निळा धूर वाढत गेला आणि ऑइल घटायला लागलं, तर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.

डोंगरयात्री, एअर फिल्टरचं बरोबर. पण ज्याचा टर्बो आणि होज अजून बघितलेले नाहीत, ती गाडी तासभर दामटायला सांगू नका. आणि फाटलेला होज बाटलीने भरून येत नाही.

कृष्णाकाठ

काका, तुमच्यामुळे मोठा खर्च टळला. इंटरकूलरमधून वर मॅनिफोल्डकडे जाणारा होज क्लॅम्पच्या बरोबर खाली अर्ध्या घेरात फाटलाय, नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हता, वाकवल्यावर तोंड उघडलं. नवीन होज, दोन क्लॅम्प आणि एअर फिल्टर, सगळं मिळून चार हजारांच्या आत. काल मुद्दाम पुण्याहून भरल्या गाडीने खंबाटकी चढलो. आवाज गेला, तिसऱ्यात व्यवस्थित ओढते, काळा धूर आरशात दिसला नाही. झाकण उलटं ठेवून पाहिलं, फक्त थरथरतं.

सकाळचा पांढरा धूर मात्र तसाच आहे. कूलंटच्या बाटलीची पातळी कमी झालेली नाही.

पीयूसी_सातारकर

भर घालतो. आता पीयूसी करून घ्या आणि कागदावरचा के-व्हॅल्यूचा (धूर किती दाट त्याचा) आकडा नीट वाचा. बीएस-4 डिझेलला 1.62 च्या आत लागतो, त्याआधीच्या गाड्यांना 2.45 पर्यंत सूट आहे. पण ती चाचणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये रेस करून होते. चढावर लोड आल्यावरच धूर सोडणारी गाडी त्यात पासही होऊ शकते. त्यामुळे सेकंडहँड घेताना कुणी पीयूसी दाखवली तरी चढावर चालवून बघाच, आणि पहिला सेल्फ थंड इंजिनवर स्वतः मारा. विकणारे गाडी आधीच गरम करून ठेवतात.

मिरज_पंपनोझल

वा, फार बरं वाटलं वाचून.

पांढरा धूर, डोळे चुरचुरणं आणि मिनिटात थांबणं म्हणजे कच्चं डिझेल बाहेर येतंय. कूलंट जळत असतं तर वास गोडसर आला असता आणि बाटलीची पातळी उतरली असती. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा. वायर काढून मल्टिमीटरने प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांत रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याच्या आसपास दाखवतो, मेलेल्यात सर्किटच तुटलेलं दिसतं, आकडा येत नाही. चारही चांगले निघाले तर त्यांचा रिले बघा, आणि मग बाटल्यांची टेस्ट.

बदलायचे झाले तर घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि इंजिन गरम असतानाच हळूहळू काढा. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. फिटरला तसं आधी बजावून सांगा, आणि त्याने एक्स्टेन्शन लावून जोर काढायला घेतला तर तिथेच थांबवा.