गुलाबाची वाट पाहण्याचे दिवस : सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

दसरा झाला, पाऊस परतला, आता गुलाबाची छाटणी. गुलाबावर वाचायला मिळतं ते बहुतेक फुलापासून सुरू होतं आणि खतापाशी संपतं. मला मात्र वाटतं की गुलाब लावणाऱ्याचा खरा आनंद फुलाच्या आधीच जास्त असतो. छाटणीनंतर फूल यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. एवढ्या काळात झाडावर रोज काहीतरी घडत असतं आणि ते रोज पाणी घालणाऱ्यालाच दिसतं. ते इथे लिहा. जातीचं नाव माहीत नसेल तर "आजीचा गुलाबी" एवढंही पुरे. गावाचं नाव मात्र टाका, कारण कृष्णाकाठच्या काळ्या मातीतला गुलाब आणि साताऱ्याच्या मुरमातला गुलाब एकसारखा वागत नाही.

सुरुवात मीच करते. मी साताऱ्यात, शाहूपुरीत राहते. मला आवडतो तो डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, फुटायचा आठवडा. छाटलेली काडी नुसती उभी असते, पान नाही, काही नाही. मग एका सकाळी वरचा डोळा किंचित फुगलेला दिसतो आणि त्याला लाल टोक येतं. त्या टोकाची पानं होतात तीही आधी हिरवी नसतातच, तांबूस आणि चकचकीत असतात. आमच्याकडे अजिंक्यताऱ्यामागून ऊन यायला जरा वेळ लागतो. ते कोवळ्या फुटव्यावर पडलं की पानांच्या आरपार दिसतं. फूल आलं की शेजारीपाजारी येऊन बघतात. फुटवा बघायला कुणी येत नाही, तो माझा एकटीचा.

तासगाव :
आमच्याकडं ऑक्टोबरात छाटणी म्हटलं की द्राक्षाचीच. घरातलं सगळं बोलणं काडीचं आन् डोळ्याचं. त्या गडबडीत वस्तीसमोरचं गुलाब आई छाटते, आन् तीबी काडीची जाडी बघूनच. पेन्सिलीपेक्षा बारीक काडी ठेवत न्हाई, आत वळलेली ठेवत न्हाई, बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर तिरका काप घेते. द्राक्षाला पेस्ट लावून डोळं एकदम फोडावं लागत्यात. गुलाबाला तसलं काही लागत न्हाई, वरचा डोळा आधी, मग खालचा, आपापल्या सवडीनं.

आम्ही बागेत ओळीच्या टोकालाबी गुलाब लावल्यात. युरोपात द्राक्षबागांची तशी जुनी पद्धत हाय. भुरी, म्हंजे पानावरची पांढरी बुरशी, आधी गुलाबावर दिसती, मग माणूस सावध होतो, असं म्हणत्यात. खरं तर गुलाबाची भुरी वेगळ्या बुरशीची, ती द्राक्षावर जात न्हाई. पण दोन्हीला हवा एकच मानवती, त्यामुळं इशारा मिळतो. मला त्याचं दुसरंच कौतुक. छाटणीनंतर बागेत निस्तं काड्या आन् तारा दिसत्यात. घड सुटून मणी धरंपर्यंत जीव टांगलेला असतो, ढग आलं की झोप जाती. त्या दिवसांत ओळीच्या टोकाचा गुलाब कळीवर येतो. फवारणीला जाताना आधी तिकडं नजर जाती.

सांगली, विश्रामबाग :
तासगावकर दादा, तुमच्या आईंचा तिरका काप वाचून बरं वाटलं. कापावर बोर्डो पेस्ट लावतात का त्या? मोरचूद आणि चुन्याची. आम्ही लावतो, नाहीतर शेंड्याकडून काडी काळी पडत खाली वाळत येते.

माझं सगळं गणित मार्गशीर्षाचं आहे. दसऱ्यानंतर चार-सहा दिवसांत छाटलं की पहिला बहर मार्गशीर्षातल्या गुरुवारांना सापडतो. महालक्ष्मीच्या घटापुढे विकतची फुलं असतातच, पण मधोमध एक घरचं फूल हवं असा माझ्या सासूबाईंचा आग्रह असायचा. आता तो माझा झालाय. दिवाळी झाली की मी कळ्या बघायला लागते. वाटाण्याएवढी कळी दिसली की अजून दोन-तीन आठवडे आहेत असं समजायचं. थंडी लवकर पडली तर आणखी लांबतं. मग हिरव्या पाकळीच्या चिरेतून रंग दिसतो. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगते, "रंग दाखवला." यजमान पूर्वी कोणता रंग विचारायचे, आता स्वतःच बघून येतात. दत्तजयंतीला औदुंबरला जाताना घरचे गुलाब नेता आले की वर्षाचं सोनं झालं असं वाटतं.

वाई :
मार्गशीर्षाबद्दल अगदी अगदी!

मी जातींच्या मागे लागलेला माणूस आहे, त्यामुळे थोडं मोठं लिहितो. माझ्याकडे 'पीस' (इंग्रजीत शांती) नावाचा गुलाब आहे, पिवळा आणि कडेला गुलाबी. फ्रान्समधल्या मेयाँ कुटुंबाने हा गुलाब केला. महायुद्धाच्या सुमारास त्याच्या डोळकाड्या देशाबाहेर गेल्या आणि युरोपातलं युद्ध संपत असताना, २९ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेत त्याला हे नाव दिलं गेलं. हे मला आधी माहीत नव्हतं, नर्सरीवाल्याने नुसतं "पिवळा मोठा" म्हणून दिलेलं झाड. माहीत झाल्यापासून त्याची पहिली कळी फुगायला लागली की मी जरा जास्तच वेळ तिथे उभा असतो.

आपल्याकडच्या जातीही लावा, ही सगळ्यांना विनंती. डॉ. बी. पी. पाल हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, तांबेऱ्याला तोंड देणारे गहू त्यांनी तयार केले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक. एवढं काम असताना त्यांनी गुलाबाच्याही कितीतरी जाती काढल्या. पांढरा 'डॉ. होमी भाभा' त्यांचाच, गुलाबी 'मृणालिनी'ही त्यांचाच. आपल्या देशात निवडलेलं झाड आपल्या उन्हात फुललेलं बघताना अभिमान वाटतो. नर्सरीत नावाने मागा. मागणी असेल तरच ते ठेवतील.

आणि माझा सगळ्यात आवडता काळ म्हणजे डोळा भरल्यानंतरचा. थंडीत, पौषाच्या आसपास, मी जंगली गुलाबाच्या खोडावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा काप घेतो, साल अलगद उचलतो, हव्या त्या जातीचा डोळा आत सरकवतो आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतो. डोळ्याखाली पानाचा देठ थोडा ठेवलेला असतो. पुढे सगळं त्या देठावर ठरतं. तो पिवळा होऊन बोट लावताच गळून पडला तर डोळा जगला. सुकून काळा होऊन चिकटून राहिला तर गेला. थोडे दिवस थांबून मी हळूच बोट लावतो. देठ गळला की घरात कुणी असो नसो, मी मोठ्याने "जगला!" म्हणतो. फूल यायला त्यानंतर कित्येक महिने असतात, पण त्या क्षणी ते आलेलंच असतं.

सांगली, गावभाग :
आमचा अनुभव आनंदाचा म्हणावा की नाही, ठरवा तुम्हीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना करा. आमचं अंगण कित्येक दिवस पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर घरात शिरलो तेव्हा बागेचा विचार करायला कुणालाच सवड नव्हती. गाद्या, धान्य, पोरांची पुस्तकं सगळं रस्त्यावर काढलं होतं. गुलाबांवर गाळाचा थर बसला होता. चांगले चांगले कलमी गुलाब गेले, एकही राहिला नाही. गाळ काढताना भावाने गावठी गुलाबाचं खोड तेवढं जागेवर ठेवलं, उपटायला वेळ नव्हता म्हणून.

त्या वर्षी गणपती साधेपणाने बसवला. विसर्जनाच्या सुमारास आई दारात उभी होती आणि तिला त्या खोडाच्या बुडाशी लाल फुटवा दिसला. तिने आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. आम्ही सात-आठ माणसं एका फुटव्याभोवती उभे. त्या महिन्यात घरातलं पहिलं मोठ्याने हसणं त्या अंगणात झालं. गावठी गुलाब आपल्याच मुळांवर वाढतो, बुडापासून फुटला तरी गुलाब तोच येतो. कलमी असता तर बुडाचा फुटवा जंगली निघाला असता. तो अजून आहे. २०२१ चं पाणीही त्याने पाहिलं. आता त्याच्या फांद्या लावून आम्ही गल्लीत बऱ्याच घरी दिल्यात.

मिरज :
गावभागातल्या दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या गावठी गुलाबाची एखादी फांदी मिळेल का? मी येऊन नेईन.

कऱ्हाड :
मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या आनंदाचं कारण वेगळं आहे, पानांना पडलेली भोकं!

पावसाळा सरत आला की माझ्या गुलाबाच्या काही पानांच्या कडा अर्धगोल कापलेल्या दिसतात, इतक्या सफाईने की कंपासपेटीतलं वर्तुळ घेऊन आखल्यासारख्या. ही अळी नाही. पान कापणारी एकटी राहणारी मधमाशी असते, ती तुकडा पायांत धरून उडते आणि एखाद्या पोकळ काडीत किंवा भोकात त्या तुकड्यांचं घर करते. प्रत्येक खोलीत पराग, मध आणि एक अंडं. ती पान खात नाही, झाडाला फारसं नुकसानही नाही. कृपा करून तिच्यासाठी औषध मारू नका. मी दरवर्षी पहिल्या कापाची वाट बघते आणि मुलांना दाखवायला ते पान वर्गात नेते. एकदा एका मुलाने घरच्या गुलाबाची अख्खी फांदीच आणली होती, "बाई, आमच्याकडेबी आली!" म्हणत.

पाचगणी :
आम्ही सुमारे १३०० मीटरवर. खाली सांगलीत एप्रिलच्या उन्हात गुलाब लहान होतो आणि दुपारपर्यंत उघडून विस्कटतो, तेव्हा आमच्याकडे फूल चांगलं भरतं. पण त्याची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. महिनोन् महिने धुकं आणि पाऊस, पानांवर काळे ठिपके, कळी आली तरी न उघडता कुजते. म्हणून आमच्यासाठी सणाचा दिवस म्हणजे सप्टेंबरअखेरचं पहिलं कोरडं ऊन. त्या दिवशी कळी दिसायची असते असं काही नाही. पानं वाळलेली दिसली तरी पुरे.

सातारा, गोडोली :
फ्लॅटची गॅलरी, पूर्वेकडचं ऊन, कुंड्या मोजक्याच. 'डबल डिलाइट' लावलाय. कळी उघडते तेव्हा बरीचशी क्रीम रंगाची असते, आणि जसं ऊन लागतं तशा पाकळ्यांच्या कडा लाल होत जातात. माझी मुलगी शाळेत जाताना आणि आल्यावर असं दोनदा बघते. उन्हाकडची बाजू आधी लाल होते हे तिने स्वतः शोधून काढलं, मग कुंडी फिरवून दुसरी बाजू उन्हात ठेवली. वासही असा की दार उघडताच कळतं. गॅलरीवाल्यांनी निराश होऊ नये म्हणून मुद्दाम लिहिलं. पाच-सहा तास ऊन मिळालं तर गॅलरीतही गुलाब फुलतो.

इस्लामपूर :
माझी वाट सगळ्यांची संपते तिथे सुरू होते. माघ संपून ऊन तापायला लागलं की कलमी गुलाबांचा जोर ओसरतो, आणि आमचा गावठी गुलाबी भरात येतो. सकाळी दव वाळल्यावर फुलं काढायची, पाकळ्या सुट्या करून फडक्यावर पसरायच्या, ओल राहता कामा नये. पाकळ्यांच्या वजनाइतकी खडीसाखर, जाडसर कुटलेली. काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक साखरेचा, तोंडाला फडकं बांधून बरणी रोज गच्चीवर. चैत्राचं ऊन फुकट घालवायचं नाही असं आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणतात. बरणीतला थर खाली बसत जातो, साखर पाझरते, पाकळ्या गडद होतात, आणि एके दिवशी फडकं सोडलं की कच्च्या पाकळीचा वास जाऊन गुलकंदाचा वास आलेला असतो. औषध मारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला चुकूनही घेऊ नका, फुलवाल्याकडच्याही नकोत. आम्ही त्या झाडाला शेणखत आणि शेंगदाणा पेंडेचं पाणी एवढंच देतो.

कोरेगाव :
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर घरचा एकेक गुलाब द्यायचा, एवढ्यासाठी मी तिळगुळाच्या आधी कळ्या मोजते. यंदा पुरतील असं दिसतंय.

तासगाव :
विश्रामबागच्या वैनी, बोर्डो पेस्ट आई लावते की. द्राक्षाच्या खोडाला केलेली असती, त्यातलीच उरलेली. कऱ्हाडच्या बाई, ती मधमाशी आमच्या गुलाबावर बी हाय, आम्ही उगंच फवारायचो, आता सोडून देतो.

सातारा, शाहूपुरी :
वाईकर काका, डोळे भरायला शिकायचं आहे. कोरेगावच्या ताईंना आणि मलाही. पौषात एखाद्या रविवारी वाईला आलो तर दाखवाल का? जंगली गुलाबाची खोडं आम्ही घेऊन येऊ. मिरजेच्या ताईंनी गावठीची फांदी मागितली आहे, ती आणखी कुणाला हवी असेल त्यांनी इथेच लिहावं, म्हणजे गावभागातल्या दादांना एकदाच काढता येतील. पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची काडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एवढं पुरे.

वाई :
जरूर या. चाकूला धार लावून ठेवतो. 'मृणालिनी'चे डोळे माझ्याकडे आहेत.