पहाटे सव्वापाचचा पुरुषांचा व्यायामगट: हवा की नको?

होम_मैदान_सव्वापाच (धागा काढणारे)

गेल्या आठवड्यात सोलापुरात आमच्या भागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, "होम मैदानावर पहाटे पुरुषांचा जो गट व्यायाम करतो, तो एकतर सगळ्यांना खुला करा, नाहीतर बंद करा." त्यावर बरीच वादावादी झाली. तिथं धड बोलता येत नाही म्हणून इथं लिहितोय. मी त्या गटातला आहे आणि गट पुरुषांचाच राहावा या मताचा आहे.

गट सव्वापाचला सुरू होतो, सहाला संपतो. फी नाही, कोच नाही. आज एकानं चालवला की उद्या दुसऱ्यानं. पाऊस असो, डिसेंबरचा गारठा असो, उघड्यावरच. रोज एक नवीन आव्हान. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा, भरते त्या दिवसांत मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी भरतं, तेव्हा आम्ही कंबर तलावाकडे जातो. ही पद्धत मूळ आमची नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात १ जानेवारी २०११ ला 'एफ-थ्री' नावानं हे सुरू झालं. त्यांचे नियम पाचच: पैसे घ्यायचे नाहीत, कुठल्याही पुरुषाला येऊ द्यायचं, उघड्यावर करायचं, आपल्यातल्यांनीच आळीपाळीनं चालवायचं आणि शेवटी गोल करून उभं राहून बोलायचं. त्यांचे तीन 'एफ' म्हणजे फिटनेस, फेलोशिप आणि फेथ. त्यातला श्रद्धेचा आम्ही ज्याचा त्याच्यावर सोडला. आमच्यात सिद्धेश्वराच्या पायरीला हात लावून येणारे आहेत, नमाज पढणारे आहेत, कशातच नसणारेही आहेत.

आमच्याकडे थोडी वाळू भरलेलं एक सिमेंटचं पोतं आहे. फाटू नये म्हणून बाहेरून दुसरं पोतं घालून सुतळीनं शिवलंय. वीसेक किलो भरेल. ते खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी मारायची. एक थकला की शेजारच्यानं घ्यायचं. पोतं खाली टेकलं तर सगळ्यांनी दहा बैठका. नवीन माणूस सुरुवातीला दात-ओठ खाऊन एकटाच ओढत राहतो. मान वाकडी होते, घाम डोळ्यात जातो, तरी पोतं सोडत नाही. पंधरा दिवसांनी तोच माणूस निम्म्या फेरीत "घे रे" म्हणतो. मला या गटात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मला झेपत नाहीये, जरा घे, हे बाप्या माणसाला म्हणता येणं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यात दर शंभरात जवळपास ७२ पुरुष होते. हा आकडा ज्याला साधा वाटतो त्याच्याशी माझं भांडण आहे.

बायकांना विरोध नाही. पण समोर बाई असली की आमच्यातला निम्मा गडी छाती फुगवून उभा राहतो आणि शेवटच्या गोलात "सगळं मस्त" एवढंच बोलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जुळे_सोलापूरकरीण

ती ताई मीच. ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या होत्या, इथं सविस्तर लिहिते.

दादा, तुम्ही सव्वापाचला मैदानात असता म्हणजे पावणेपाचला उठता. त्या वेळी तुमच्या घरात कोण उठलेलं असतं? आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी रात्री, कधी पहाटे येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर लावा, टाकी भरा, पिंप भरा, हंडे भरा, पिण्याचं गाळून वेगळं ठेवा. त्यातच पोरांचे डबे. सातला शाळेची रिक्षा हॉर्न वाजवते. माझ्या नवऱ्यानं मागं असाच एक गट धरला होता. तो सव्वासहाला ताजातवाना होऊन यायचा आणि मला विचारायचा, "तू का नाही व्यायाम करत?" तेव्हा मी एका हातानं पाइप धरलेला होता.

दुसरी गोष्ट मैदानाची. पहाटे आम्ही चार-पाच जणी चालायला यायचो. अंधारात तीस-चाळीस पुरुष एका सुरात आकडे मोजत ओरडतात तेव्हा तुम्ही काही वाईट करत नसता, हे मला कळतं. तरी आम्ही वाट बदलली. आता रस्त्याच्या कडेनं चालतो, जिथं ट्रक जातात. मैदान सगळ्या गावाचं आहे.

आणि छाती फुगवण्याबद्दल. तो दोष तुमच्या गड्यांचा आहे, त्यासाठी आम्ही का बाहेर राहायचं? बाईसमोर खरं बोलता येत नसेल तर घरी बायकोसमोर तरी काय बोलत असतील?

लाल_माती

माझं वय साठीच्या पुढं आहे. पाणीवेशीकडं तालमीत वाढलो. ताईंचं पाण्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, त्याबद्दल दादांनी उत्तर द्यावं. माझा आक्षेप वेगळा आहे.

तुमच्यात वस्ताद नाही याचा तुम्हाला अभिमान वाटतो, मला काळजी वाटते. बैठक मारताना टाच कुठं, गुडघा कुठं, श्वास कधी सोडायचा, हे कुणीतरी काठी घेऊन शेजारी उभं राहून बघावं लागतं. जोर मारताना कंबर खाली पडली की महिन्याभरात पाठ धरते. आळीपाळीनं गट चालवणारा माणूस स्वतःच चुकीचा करत असेल तर बाकीचे एकोणतीस त्याचंच बघून करतात.

आणि आव्हान आव्हान काय करता? तालमीत पहिल्या दिवशी पोराला मातीत उतरू देत नव्हते. आधी माती खणायची, चाळायची, तीत ताक-तेल-हळद मिसळायची, सहा महिने तेच. त्यातून माणूस बनत होता. रोज नवीन काहीतरी अवघड करायचं ही घाई आहे.

अमेरिकेचं नाव घेतलं म्हणून सांगतो. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती काठी पेलून नेतात. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस गल्लीगल्लीत सराव चालतो. एक पेलतो, बाजूचे तोल सांभाळतात, तो दमायच्या आत दुसरा पुढं होतो. त्याला कुणी "घे रे" म्हणायची वेळ येऊ देत नाही. जाणत्याचं लक्ष असतं म्हणून. तुमच्या गटात ते लक्ष कुणाचं आहे?

होम_मैदान_सव्वापाच

काका, तालमीबद्दल आदरच आहे. पण मला सांगा, चाळिशीचा, पोट सुटलेला, दिवसभर काउंटरवर बसणारा माणूस आज तालमीत आला तर त्याला कोण उभं करेल? तालमीत तो लाजतो, जिमचे पैसे त्याला परवडत नाहीत. आमच्याकडे तो रबरी चप्पल घालून येतो आणि पहिल्या दिवशी रेलिंग धरून पाच बैठका काढतो. त्याच्यासाठी कुणी थांबत असेल तर ते आम्ही. वस्ताद असता तर तो आलाच नसता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आळीपाळीनं चालवण्याचं कारणही तेच. जो माणूस दहा जणांसमोर कधी बोलला नाही, त्याला सगळ्यांना मोजून घ्यावं लागतं, मागं राहिलेल्याकडं बघावं लागतं. लक्ष द्यायला माणूस तिथंच शिकतो.

ताई, तुमचं म्हणणं मी उद्या गोलात सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे.

जुळे_सोलापूरकरीण

वाचून दाखवून पाइप कोण धरणार?

रुग्ण_बघणारा

मी एमडी आहे, शहरातच प्रॅक्टिस करतो. असे गट वाढावेत असंच मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पाऊण तास, पाच दिवस धरले तर तुमचं गणित बसतं. पण माझा विरोध त्या दहा बैठकांना आहे.

पोतं टेकलं की सगळ्यांना शिक्षा, या नियमाचा परिणाम काय होतो ते बघा. ज्याच्या छातीत दडपण आलंय, जबडा किंवा डावा हात दुखतोय, थंड घाम सुटलाय, तो थांबत नाही. आपल्यामुळं बाकीच्यांना बैठका नकोत म्हणून तो फेरी पूर्ण करतो. हृदयविकाराचे झटके दिवसाच्या इतर वेळांपेक्षा सकाळी जास्त येतात. अशा माणसानं त्याच क्षणी खाली बसायला हवं आणि सगळ्यांनी ते बरोबर म्हणायला हवं.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. खिशात साखरेची पुडी असू द्या, हात थरथरायला लागले की तोंडात टाका. सवय नसताना ईर्ष्येनं दोनशे-तीनशे बैठका मारल्या तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी थांबू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिसाच्या वर असतो, रात्रीही जमीन निवत नाही. नवीन माणसाला त्या उकाड्याची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस त्याला निम्माच व्यायाम द्या.

आणि झोप. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल आणि पावणेपाचला गजर, हा पराक्रम समजू नका. सात तास झोप होत नसेल तर त्या दिवशी मैदानात न येणं हाच शहाणपणा.

कुणी कोसळला आणि त्याचं हृदय बंद पडलं तर त्याची छाती कशी दाबायची, हे गटातल्या प्रत्येकानं शिकावं. छातीच्या मध्यावर, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, १०८ ची गाडी येईपर्यंत. मी एक रविवार सकाळ मोकळी ठेवतो. पण त्या दिवशी ताईंच्या चौघीही हव्यात, नाहीतर मी येणार नाही.

विजापूर_रोड_२७

मी गटाच्या बाजूनं आहे. जास्त लिहिता येत नाही.

वडील गेले तेव्हा घरात मी मोठा. सगळ्यांना धीर देत होतो. दुकान बघत होतो. मित्र यायचे, "हिंमत ठेव बे" म्हणून जायचे. एका पहाटे गोलात माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं, "मला तीन महिन्यांत झोप लागलेली नाही." कुणी सल्ला दिला नाही. शेजारच्यानं खांद्यावर हात ठेवला. त्याच संध्याकाळी दोघं दुकानात आले, शटर ओढेपर्यंत बसले, हिशोबाच्या वह्या चाळून दिल्या. एक तर मला नावानंही नीट ओळखत नव्हता.

बायका असत्या तर मी बोललो असतो का? माहीत नाही. आईसमोर तर अजून बोललेलो नाही.

जुळे_सोलापूरकरीण

भाऊ, तुम्ही बोललात ते बरं झालं. माझा राग तुमच्यावर नाही.

पण तुमच्या आईंनाही झोप लागत नसणार. त्यांच्यासाठी पहाटेचा गोल कुठं आहे? पुरुषांना एकत्र यायला जागा हवी हे मला पटलं, असं समजा. तरी ती जागा बायकांच्या वेळेवर आणि बायकांच्या वाटेवर का? दोन गोष्टी मागते. मैदानाची मंदिराकडची बाजू सोडा, आम्ही तिथून चालू. आणि ज्याच्या घरी ज्या दिवशी पाणी, तो त्या दिवशी गटात येणार नाही, असा नियम करा. आव्हानच हवं असेल तर पहाटे पाण्याचं पिंप भरून, डबे करून दाखवा. तेही वीस किलोच्या वरच जातं.

होम_मैदान_सव्वापाच

मंदिराकडची बाजू उद्यापासून सोडतो, हे माझ्या हातात आहे. आकडे ओरडून मोजणंही बंद, ज्यानं त्यानं मनात मोजावं. पाण्याचा नियम मी मांडणार. काहीजण विरोध करतील, कारण पाण्याची वेळ आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. मी म्हणणार, रात्री कळली तरी चालेल. डॉक्टर, शिक्षेच्या बैठका काढून टाकतो. पोतं टेकवायचं असेल त्यानं टेकवावं, बाकीचे थांबतील.

पण गट पुरुषांचाच राहणार. विजापूर रोडच्या भावानं लिहिलंय त्यानंतर तर मी अजून ठाम झालोय. बायकांचा वेगळा गट निघाला तर जागा, पोतं, वेळ, सगळ्यात वाटा द्यायला तयार आहे.

जुळे_सोलापूरकरीण

वाटा "द्यायला" तुम्ही मालक नाही. बाकी ठीक. नियम झाला की इथं कळवा.

लाल_माती

गुरुवारी संध्याकाळी सहाला दोघं-तिघं तालमीत या. बैठक नीट दाखवतो, मग तुम्ही बाकीच्यांना दाखवा. लाजणाऱ्यालाही घेऊन या, कुणी हसणार नाही, हसला तर त्याला मी बघतो.

साच्यावरचा

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. तुम्ही सव्वापाचला जमता तेव्हा माझी पाळी संपलेली नसते. रात्रभर उभं राहून दोन्ही हातांनी साचे, म्हणजे यंत्रमाग, बघायचे, तुटला धागा की जोडायचा. आवाज एवढा की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. सकाळी घरी आलो की कान बंद. बायको विड्या वळायला बसलेली असते. आम्ही दोघं बोलतच नाही, कारण एक झोपायला निघालेला आणि एकीची हजार विड्यांची घाई.

हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे आव्हान ज्याच्या अंगात पहाटे ताकद शिल्लक आहे त्याचं आहे. आमच्या पूर्व भागात व्यायाम कमी पडतोय म्हणून कुणी खचत नाही. पण तो भाऊ गोलात बोलला ते वाचून दोनदा वर गेलो आणि परत वाचलं. आमच्यातला एक जोडीदार मागच्या दिवाळीनंतर कामावर यायचा बंद झाला. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पाळीला जायच्या आधी संध्याकाळी साडेसहाला आमच्या भागात जागा बघून देता का? दहा-पंधरा जण आणतो. ताईंना यायचं असेल तर त्यांनीही यावं, आमच्या बायकाही येतील. पोतं आणू नका, गाठोडी उचलून खांदे आधीच भरलेत. फक्त तो शेवटचा गोल करायचा आहे.