एस्पेरांतो नक्की कुठल्या भाषाकुळातली?

प्रश्न (नवशिका):
दोनेक महिन्यांपासून एस्पेरांतो, म्हणजे झामेनहोफने ठरवून बनवलेली भाषा, शिकतोय आणि एका गोष्टीवर अडकलोय. सुरुवातीला 'पात्रो' म्हणजे वडील, 'आक्वो' म्हणजे पाणी, 'दोमो' म्हणजे घर असे शब्द बघून वाटलं की ही सरळ लॅटिनची नात आहे. मग 'हुंदो' (कुत्रा) आणि 'बिर्दो' (पक्षी) आले, ते तर जर्मन-इंग्रजीच्या घरचे. 'आणि'साठी 'काय्' आहे, तो म्हणे ग्रीकमधला, आणि प्रश्न विचारताना वाक्याच्या सुरुवातीला जो 'चु' लावतात तो पोलिशमधून आलाय. मग हिला इंडो-युरोपियन (लॅटिन, ग्रीक, इंग्रजी, मराठी ज्यात येतात ते मोठं भाषाकुळ) म्हणायचं की हिला कुळच नाही? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १ (पानोपानी):
माझ्या मते इंडो-युरोपियनच. झामेनहोफ हा डोळ्यांचा डॉक्टर, जन्म १८५९ चा, बियालिस्टोकचा. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होतं आणि गावात पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश सगळं कानावर पडायचं. १८८७ मध्ये वॉर्सात पहिलं पुस्तक काढलं ते 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे आशा धरणारा या टोपणनावाने, आणि तेच नाव पुढे भाषेला चिकटलं. जवळपास सगळे धातू युरोपातल्या भाषांमधून उचललेत, मग अजून काय पाहिजे?

प्रतिसाद २ (ध्वनिवेडी):
पानोपानी, इथे मी सहमत नाही. शब्द कुठून आले यावरून कुळ ठरत नाही, नाहीतर टेबल, बस, स्टेशन म्हणतो म्हणून मराठी जर्मॅनिक (इंग्रजी-जर्मनच्या घरची) झाली असती! कुळ ठरतं ते ध्वनी नियमाने बदलत आलेत का यावर. हस्त-हात, सप्त-सात, कर्ण-कान बघा, प्रत्येक ठिकाणी जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला, कुणी बसून ठरवलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता झालं.

आता तसंच लॅटिन आणि इंग्रजी शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये जिथे 'प' तिथे इंग्रजीत 'फ': पातेर-फादर, पेद-फूट, पिस्किस-फिश. एस्पेरांतोत काय दिसतं? वडील 'पात्रो', पाय 'पिएदो', पण मासा 'फीशो'! दोन शब्दांत 'प' आणि तिसऱ्यात 'फ', म्हणजे ध्वनी बदलत आलेलेच नाहीत, माणसाने एकेक शब्द निवडून घेतलाय. मला ही जागा फार आवडते, निवडणाऱ्याचा हात इथे अगदी स्पष्ट दिसतो.

रचना तर अजूनच वेगळी. 'मालसानुलेयो' म्हणजे हॉस्पिटल, फोडून बघितलं तर माल (उलट) + सान (निरोगी) + उल (माणूस) + एय् (जागा) + ओ (नाम). एकही तुकडा न झिजता एकापुढे एक जोडत जायचं, हे लॅटिनपेक्षा तुर्कीच्या जास्त जवळचं वाटतं. म्हणून मी तिला कुळाबाहेरची, कृत्रिम भाषा म्हणेन.

प्रतिसाद ३ (सहज):
ध्वनिवेडी +१. पण वरच्या पिढ्यांकडे बघताना खालची पिढी विसरू नका. १९०७ मध्ये काही लोकांनी एस्पेरांतो सुधारायला घेतली आणि त्यातून निघाली 'इदो'. एस्पेरांतोत 'इदो'चा अर्थच मुळी वंशज! टोप्या घातलेली (ĉ, ŝ सारखी) अक्षरं काढली, 'हुंदोय्' (कुत्रे) चं 'हुंदी' केलं, आणि आईसाठी 'पात्रीनो', म्हणजे वडिलांच्या शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय, हे न पटल्याने 'मात्रो' आणलं. हेही ठरवूनच केलेले बदल आहेत हे मान्य, पण आई कोण आणि लेक कोण यात इथे काहीच शंका नाही.

अवांतर: 'पात्रीनो' मधला 'ईन' वाघ-वाघीण सारखा वाटतो ना, पण झामेनहोफने तो जर्मनवरून घेतलाय.

नवशिका:
धन्यवाद सगळ्यांना, 'फीशो'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पण आता अजून एक प्रश्न पडलाय. काही घरांत मुलं एस्पेरांतो जन्मापासून ऐकत मोठी होतात, ती तर पुस्तकातून शिकत नाहीत, आईबापांच्या तोंडून उचलतात. मग त्यांच्या बोलण्यात आपोआप बदल सुरू झाले तर ध्वनिवेडीताईंच्या हिशोबाने तिथून पुढे कुळ सुरू झालं म्हणायचं का?

ध्वनिवेडी:
हो, माझ्या हिशोबाने तिथूनच. फक्त त्या कुळाची मूळ भाषा आपल्याला अंदाजाने उभी करावी लागणार नाही, ती १८८७ साली छापलेलीच आहे.