बारवांचा जीर्णोद्धार: आधी पाणी की आधी रोषणाई?

पाणाडी:
साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीचे फोटो हल्ली सारखे दिसतात. छत्रपती शाहूंच्या राजपरिवारातल्या वीरूबाईंनी शके १६४१ ते १६४६ या काळात ती बांधून घेतली. खोली ११० फूट, आत चक्क महाल! पण मुळात ती आमराई भिजवायला बांधली होती, हे फोटो काढणाऱ्यांच्या ध्यानात नसतं. आता गावोगावच्या बारवांवर, म्हणजे अशा पायऱ्यांच्या विहिरींवर, निधी येतो आणि तो फरशी, रेलिंग, दिव्यांवर जातो. गाळ तसाच. आधी गाळ काढा, झरे मोकळे करा, पाणी वापरा. उपसा थांबला की विहीर मरते.

रानवाट:
साफ असहमत. पायऱ्यांच्या विहिरी उगाच बंद केल्या नाहीत. लोक पाण्यात उतरायचे आणि नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात जाणारा लांब कृमी, पसरायचा. माझ्या आजोबांच्या पायातून निघालेला नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. आजी ते सांगताना अजून डोळे पुसते. १९८०च्या दशकात अशा विहिरी बदलल्या, हातपंप दिले, तेव्हा कुठे २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बारव बघायला ठेवा, वापरायला नको.

पाणाडी:
आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण नारू देशातून गेला, म्हणजे त्या बंदीचं कारणही गेलं. शिवाय मी पिण्याचं म्हणतच नाही. गुरं, शेत, धुणं यासाठी म्हणतोय.

भीमाकाठ:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. पाणवठा सगळ्यांचा कधी होता? जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला, १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आमच्या आज्यांनी विहिरीपासून लांब, कुणी पाणी वाढेल याची वाट बघत दिवस काढलेत. बारवेच्या फलकावर बांधणाऱ्याचं नाव लिहाल, तिथेच हेही लिहा. ते लिहिणार नसाल तर माझी वर्गणी धरू नका.

पाणाडी:
लिहायलाच हवं. आमच्या ग्रामसभेत हा ठराव मीच मांडतो.

रानवाट:
फलकाला माझाही पाठिंबा. पण गाळ काढून झऱ्यांना पाणी येणार कुठून? शेजारच्या रानात बोअर चारशे फुटांवर गेलेत. २००९च्या भूजल कायद्यात अधिसूचित, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारने जाहीर केलेल्या, क्षेत्रात ६० मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल विहिरींवर बंदीची तरतूद आहे. ती तुमच्या शिवारात कोण पाळतं? ग्रामसभेत तोही ठराव घेणार का?