१६ केचा पिकअप ८ केच्या दुप्पट वाजतो का?

तारतुटक्या:
मंडळी एक शंका. माझ्या गिटारला ब्रिजजवळ जो हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडणारं मॅग्नेट आणि कॉइल) आहे तो मल्टिमीटरवर ८.१ के (किलोओहम) दाखवतो, मित्राच्या गिटारला डंकन कंपनीचा जेबी नावाचा हंबकर आहे तो १६ च्या वर. दोन्ही माझ्याच अँपवर लावून बघितल्या, त्याचा जोरात आहे हे खरं पण दुप्पट वगैरे काही नाही, वरून मधला आवाज जाड आणि वरचा जरा दबका वाटला. गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गोंगाटात मला ऐकू यायला पाहिजे, म्हणून जास्त केवाला घ्यायचं डोक्यात आहे. घरी चाळीत जोरात वाजवून बघायची सोय नाही, काकू भिंत ठोकतात.

लालबाग_सोल्डर:
के म्हणजे नुसता तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स रे, आवाज नाही. ४२ गेजऐवजी ४४ गेजची बारीक वायर तेवढेच वेढे मारून गुंडाळली तरी आकडा दीडपटीच्या वर जातो, औटपुट मात्र होतं तेवढंच राहतं. मॅग्नेट कुठला, वेढे किती, तारेपासून अंतर किती, यावर जोर ठरतो. ग्रेच कंपनीचा फिल्टरट्रॉन पिकअप बघ, हंबकर असून साधारण ४ के, म्हणून काय मुका आहे का? आणि ईएमजी ८१ पिकअपमध्ये आत बॅटरीवरचा प्रीअँपच (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) आहे, तिथे के मोजण्यात अर्थच नाही. वेढे वाढले की इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या करंटला होणारा विरोध) वाढतो आणि रेझोनन्सचा पीक, म्हणजे पिकअप ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त उठाव देतो ती, खाली सरकतो, तुला दबका वाटला तो हाच. अजून एक गंमत, मे महिन्यात घामाघूम खोलीत मोजलास आणि मग एसीत मोजलास तर त्याच पिकअपचे आकडे तीन-चार टक्क्यांनी वेगळे येतील.

ठाणे_स्लो:
+१. पैसे घालवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घे. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पोलपीसमध्ये (पिकअपवर तारेखालचे धातूचे गोल ठिपके) किती फट आहे बघ, फट दोन-अडीच मिमी राहील इतका पिकअप वर आण, खूप फरक पडतो. फार वर नेऊ नको, स्ट्रॅट गिटारच्या सिंगल कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपचं मॅग्नेट तर तारेलाच खेचतं आणि सूर बेसूर लागतो. पॉट्सपण (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते रेझिस्टर) बघ, हंबकरवर २५० के असतील तर ५०० के टाक, वरचा आवाज मोकळा होईल. लॅमिंग्टन रोडला मिळतात, फक्त लॉग टेपर (नॉब फिरवल्यावर कानाला आवाज सारखा कमी-जास्त होणारा) आहे का ते विचारून घे, मला एकदा लिनियर चिकटवले होते, व्हॉल्यूम १० वरून ४ पर्यंत जवळजवळ तसाच राहायचा.

पाचवी_पोझिशन:
ऑर्केस्ट्रात दहा वर्षं वाजवतोय म्हणून सांगतो, ऐकू येणं हा औटपुटचा प्रश्नच नाही, मिड्सचा, म्हणजे मधल्या आवाजाचा आहे. जास्त औटपुटने अँपचा आवाज लवकर फाटतो आणि कीबोर्डच्या गर्दीत सगळा चिखल होतो. आणि तुलना करताना आधी दोघांचे व्हॉल्यूम सारखे कर, नाहीतर जो जोरात तोच चांगला वाटणार. सिंगल कॉइल मात्र मंडपात नको, लाइटिंगच्या माळा आणि डिमरच्या शेजारी ५० हर्ट्झची घूं सुरू झाली की निवेदक आपल्याकडेच बघतो. पिकअप निवडायच्या स्विचच्या २ आणि ४ पोझिशनला (दोन पिकअप एकत्र) मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तरच ती जाते.

तारतुटक्या:
काल रात्री उंची वाढवली, मोजून बघितलं तर आधी चांगली ४ मिमी फट होती! आता जेबीच्या बराच जवळ आलाय आणि वरचा आवाज माझाच छान आहे. पॉट्स उघडले, २५० चेच निघाले. शनिवारी लॅमिंग्टन रोड.